न शिकवलेली ‘री’

बेळगावातल्या आमच्या शहापूरच्या गल्लीत मागाच्या खडखडाटाइतकीच कन्नडही रोज कानावर पडत असे, त्यामुळे ती मी केव्हा शिकलो हे मला सांगता येत नाही. गोट्या खेळताना सवंगड्याला ‘बारो’ (ये रे) म्हणायचे आणि त्याच्या वडिलांना ‘बर्री’ (या) म्हणायचे, हे मला कोणीही शिकवलेले नव्हते. आमच्याकडच्या कन्नडमधली ही आदराची ‘री’ कुठे लागते आणि कुठे लागत नाही याचा नियम मला आजही मांडता येणार नाही. चुकीच्या जागी लागलेली ‘री’ मात्र कानाला तत्काळ खटकते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर रेबर यांनी १९६७ साली प्रयोगात जे दाखवले ते याच जातीचे होते. छुप्या नियमाने रचलेल्या अक्षरांच्या ओळी पाठ केल्यावर नवी ओळ त्या नियमात बसते की नाही हे माणसे बऱ्यापैकी ओळखत, पण नियम कोणता ते त्यांना धड सांगता येत नसे.

माझी पत्नी चोविसाव्या वर्षी साताऱ्याहून या घरात आली आणि तिने शिस्तीत वही घातली: डावीकडे मराठी, उजवीकडे देवनागरीत कन्नड. बाजारात ती आधी मनात वाक्य जुळवी, ‘री’ची जागा आठवी, आणि तोवर भाजीवाली मराठीतच भाव सांगून मोकळी होई. (बेळगावात कन्नड शिकणाऱ्याची खरी अडचण हीच आहे, की समोरच्याला बहुधा आपली भाषा येते.) मागच्या वर्षी पुण्याहून राहायला आलेला आमचा पाच वर्षांचा नातू मात्र सहा महिन्यांत गल्लीतल्या पोरांशी कन्नडमध्ये भांडू लागला आणि आजीच्या चुका काढू लागला. असे का, म्हणून तिने विचारले, तर म्हणाला, “तसंच म्हणतात.”

२०१२ साली करोलिना यानाचेक आणि सहकाऱ्यांनी ४ ते ८५ वर्षे वयाच्या माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पडद्यावरील चिन्ह जिथे उमटेल तिथली कळ दाबायची, एवढेच काम होते. त्या उमटण्यात दडलेला क्रम नकळत टिपण्यात साधारण बारा वर्षांपर्यंतची मुले सर्वांत पुढे होती. प्रौढ मेंदू नव्या गोष्टीला आधीच्या अनुभवाच्या चौकटीत बसवू पाहतो आणि तिथेच अडखळतो, असा त्यांचा तर्क आहे. स्वतः रेबर यांचे मत मात्र असे होते, की या शिकण्यावर वयाचा परिणाम फारसा होत नाही. घरात नातू असल्यामुळे माझा कौल यानाचेक यांच्याकडे झुकला होता.

परंतु गेल्या उन्हाळ्यात पुण्याच्या मंडईत माझ्या पासष्ट वर्षांच्या पत्नीने आंबेवाल्याला विचारले, “डझन कसे दिलेत री?” ही ‘री’ तिच्या वहीत कुठेच नाही, आणि ती आपल्या तोंडून गेली याचा तिला पत्ताही नव्हता. मी तिला ते सांगितले नाही. सांगितले असते, तर पुढच्या वेळी ती विचार करून बोलली असती.