सराफ्यातल्या पाटल्या : तिसरा खर्डा आणि मध्येच घुसलेला अधिक महिना

माझ्या रहस्यकथेचा तिसरा खर्डा वाचून परत आला तो समासातल्या एका ओळीसकट : ‘१९४७ला श्रावण अधिक होता. व्याज पुन्हा मोजा.’ पात्रं, संवाद, शेवट यांबद्दल अवाक्षर नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून वाईट शेरा मिळत नाही, कारण सातव्या प्रसंगातला उलगडा उभा आहे तो नेमका त्या व्याजावर.

मागचं वाचलेल्यांना मांडणी माहीत आहेच, तरी एवढं हाताशी असू द्या. इंदूरचा सराफा, साल १९४७. बाईंनी अक्षय्य तृतीयेला ४ तोळ्यांच्या पाटल्या ३०० रुपयांवर गहाण ठेवल्या, व्याज शेकडा १ रुपया महिना, चालू महिना पुरा धरायचा. राखी पौर्णिमेच्या रात्री सराफाची तिजोरी फुटते आणि चोरीच्या यादीत याच पाटल्या असतात. पाटल्या मात्र बाईंच्या हातात आहेत आणि त्या सोडवल्याची चिठ्ठीही त्यांच्याकडे आहे. मुनिमाच्या हातची : ‘सावन बदी ५, संवत २००४’. फौजदारीच्या कागदांत तिची नक्कल होते : ‘श्रावण वद्य ५, शके १८६९’. साल बरोबर बदललं आहे, १३५ वजा केले की झालं. महिना बदललेला नाही. घात तिथेच आहे.

आपला मराठी महिना अमावास्येला संपतो, माळव्यातला, म्हणजे इंदूरकडचा, पौर्णिमेला. शुक्ल पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच, त्यामुळे नागपंचमी, राखी, गणेश चतुर्थी हे प्रसंग कुठेही टाका, वाद होत नाही. घोळ सगळा वद्य पक्षातला. मुनिमाची सावन बदी पंचमी म्हणजे आपली आषाढ वद्य पंचमी, राखीच्या आधीची. मराठी डोळ्यांनी वाचली तर ती श्रावण वद्य पंचमी होते, राखीनंतर पाच दिवसांची. म्हणजे चोरीला गेलेल्या पाटल्या बाईंनी चोरीनंतर ‘सोडवल्या’, आणि संशय बाईंवर. खरी तारीख लागली की उलटं होतं : पाटल्या तिजोरीत नव्हत्याच, सराफाची यादी खोटी.

हे कोणत्याही साध्या वर्षी चालतं, दोन वाचनांत बरोबर एका महिन्याचं अंतर पडतं. दुसऱ्या खर्ड्यातलं व्याजाचं गणितही त्यावरच बेतलं होतं : खरी तारीख असेल तर तिसरा महिना चालू, म्हणून ९ रुपये, खोटी असेल तर चौथा, म्हणून १२. चिठ्ठीत ९ लिहिलेले, उलगडा झाला.

अधिक श्रावण आला की हे मोडतं. अधिक महिना आपल्याकडे निज, म्हणजे नेहमीच्या, श्रावणाच्या आधी येतो. माळव्याच्या पद्धतीत तो श्रावणाच्या पोटात येतो : आधी शुद्ध, म्हणजेच निज, श्रावणाचा कृष्ण पक्ष, मग अधिक महिन्याचे दोन्ही पक्ष, मग शुद्ध श्रावणाचा शुक्ल पक्ष. त्यामुळे मुनिमाची पंचमी जुलैच्या पूर्वार्धातच राहते, आपली निज श्रावण वद्य पंचमी जाते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आणि अंतर एक महिन्याचं न राहता दोन चांद्रमासांचं, ५९ दिवसांचं होतं. शिवाय मध्ये ऑगस्टात तिसरी एक पंचमी उभी राहते, अधिक श्रावणातली. १५ ऑगस्ट १९४७ हीच अधिक श्रावण वद्य चतुर्दशी होती. हे ज्याला ठाऊक आहे असा वाचक दुसऱ्या पानावरच पुस्तक मिटेल.

सोपा उपाय म्हणजे साल बदलणं. १९४६ घेतलं की अधिक महिन्याची कटकट जाते. पण मग कथेतली हवाच जाते. होळकरांचं राज्य अजून आहे, ते किती दिवस राहणार हे कुणाला माहीत नाही, सराफ्यात सोनं आतबाहेर होतंय, जुने हिशेब घाईघाईनं मिटवले जाताहेत, ही घालमेल १९४७चीच. मे १९४८मध्ये इंदूर मध्यभारतात गेलं, त्यानंतर कचेऱ्याच बदलल्या. साल हलवायचं नाही, असं ठरवून गणित पुन्हा मांडलं.

आणि गणित मांडताना जे हाती लागलं ते आधीपेक्षा चांगलं आहे! वैशाख शुक्ल तृतीयेपासून मोजा. आषाढ वद्य पंचमीला दोन महिने उलटून तिसरा चालू : ९ रुपये. निज श्रावण वद्य पंचमीला चार उलटून पाचवा चालू : १५ रुपये. सराफ अधिक महिन्याचं व्याज सोडत असेल तर १२. मधली अधिक श्रावणातली पंचमी धरली तर चौथा महिना : पुन्हा १२, किंवा सूट धरून ९. फट एवढीच उरते : ऑगस्ट आणि सूट एकत्र आले तर ९ रुपये तिथेही बसतात. ती बुजवायची तर पहिल्या प्रसंगात सराफाच्या तोंडी एक वाक्य पुरे : ‘अधिक मास असला तरी व्याज सुटत नाही बाई, सोनं तर तिजोरीतच असतं ना?’ हे वाक्य त्याच्या कंजूषपणाचं म्हणून वाचलं जाईल आणि उलगड्यात पुरावा म्हणून परत येईल. एका वाक्यात दोन कामं. या खर्ड्यातली सगळ्यात समाधानाची जागा हीच.

अडलंय ते दुसरीकडे, आणि अजूनही पुरतं सुटलेलं नाही. इंदूरचा मराठी कारकून असा फसेल का? नाही फसणार. पिढ्यान्‌पिढ्या दोन पंचांगांत राहिलेला माणूस ‘सावन बदी’ वाचताना हातासरशी ‘आषाढ वद्य’ लिहितो, त्याला विचारही करावा लागत नाही. इथे दिवाळीची अमावास्या आपली आश्विनातली आणि शेजारच्यांची कार्तिकातली, गोकुळाष्टमी आपली श्रावणातली आणि त्यांची भादोंतली, म्हणजे भाद्रपदातली. सण एकाच दिवशी, भांडण कुणाचंच नाही. ग्वाल्हेरचीही तीच गत. त्यामुळे ‘कारकुनाकडून अनवधानानं झालं’ हा दुसऱ्या खर्ड्यातला खुलासा इथल्या वाचकाच्या गळी उतरणार नाही.

तीन वाटा तपासल्या. कारकून झोपाळू किंवा दारुडा दाखवणं : आळशी युक्ती, बाद. मूळ चिठ्ठी फाटलेली, महिना अर्धवट : मग वाचकाशी लबाडी होते, कारण त्याला मूळ मजकूर दिसलाच पाहिजे. तिसरी, नक्कल करणारा बाहेरचा : पुण्याकडून नुकताच आलेला, ‘बदी’ म्हणजे वद्य एवढंच कळणारा. ही चालते. पण नवखा माणूस नेमका याच कागदावर कसा आला, हा प्रश्न उरतो, आणि योगायोग उलगड्याच्या मुळाशी असू नये हा नियम मोडायचा नाही.

हे टंकत असतानाच सुचलं ते इथेच नोंदवून ठेवतो : योगायोग काढून टाकायचा आणि तो सराफाला द्यायचा. नेहमीचा नकलनवीस मोकळा असताना सराफ मुद्दाम नवख्याकडे कागद नेतो, वर ‘पोराला चार पैसे मिळू देत’ म्हणतो. चौथ्या प्रसंगात हे औदार्य वाटेल. पहिल्या प्रसंगात व्याजाचा एक दिवस न सोडणारा माणूस चौथ्यात उदार का झाला, हाच मग खरा सुगावा. पंचांग न कळणाऱ्या वाचकालाही तो पकडता येतो. याचा अर्थ पाचवा प्रसंग, कारकुनाच्या उलटतपासणीचा, जवळजवळ पूर्ण कापावा लागेल. त्यातले ७०० शब्द गेले तर कथा सहा हजारांच्या आत बसते, तेही बरंच.

वाराचं काय? मूळ चिठ्ठीत मुनीम वार लिहिणारच. ५९ दिवस म्हणजे आठ आठवडे आणि तीन दिवस, म्हणजे दोन तारखांचे वार तिनानं वेगळे. नकलेत वार गाळायचा, मुळात ठेवायचा. मात्र तिथीचा क्षय (तिथी गळणं) किंवा वृद्धी (तीच तिथी दोन दिवस येणं) झाली की हा हिशेब एखाद्या दिवसानं सरकतो, त्यामुळे वार अंदाजानं लिहू नका, त्या सालच्या छापील पंचांगातूनच घ्या. कच्च्या आराखड्यासाठी एक स्वस्त युक्ती आहे : दर १९ वर्षांनी तिथी आणि इंग्रजी तारखा जवळपास पुन्हा जुळतात. १९४७, १९६६, १९८५, २००४, २०२३ या सगळ्या सालांत श्रावणच अधिक. घरात २०२३चं कालनिर्णय उरलं असेल (दुधाच्या खुणांसकट चालेल) तर १८ जुलै ते १६ ऑगस्टचं पान उघडा. एखाद्या दिवसाच्या फरकानं १९४७चा सांगाडा समोर येतो. वार मात्र त्यातून उचलू नका.

चकव्यासाठी, म्हणजे वाचकाला भलतीकडे वळवणाऱ्या खोट्या सुगाव्यासाठी, घड्याळ पक्कं केलंय. मुंबईनं आपली वेळ १९५५पर्यंत चालवली, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. मुंबईहून खांडव्यापर्यंत येऊन, तिथे मीटरगेजच्या गाडीत बसून इंदूरला उतरलेल्या भाच्याचं मनगटी घड्याळ मागे आहे. रहस्यकथा वाचणारे या ३९ मिनिटांवर तुटून पडतील आणि पंचमी निसटेल. फक्त हे घड्याळ प्रामाणिक हवं : त्याचा खुलासा सहाव्या प्रसंगात पूर्ण द्यायचा, शेवटी लटकत ठेवायचा नाही.

किरकोळ दुरुस्त्या : ‘पंचवीस पैसे’ सगळीकडून काढले, दशमान पैसे १ एप्रिल १९५७पासूनचे, चार आणे घातले. ग्रॅमही गेले.

अवजारांबद्दल. इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घ्या, दुसरा सल्ला नाही. बोलून टंकणं संवादाच्या पहिल्या खर्ड्याला ठीक, पण ‘वद्य’चं ‘वाद्य’ आणि ‘बदी’चं ‘बडी’ होतं, आणि या कथेत ते परवडत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि पहिली वेलांटी शब्दागणिक तपासा. छापून वाचण्यासाठी फॉन्टांत शोभिका डोळ्याला बरी, पडद्यावर मुक्ता. सुगाव्यांचे तक्ते मात्र कागदावरच : एका प्रसंगाला एक कार्ड, सुगावा लाल, चकवा निळा, उलगड्यात ज्याचा वापर होत नाही त्यावर काट. जाड कार्डं इंदूरच्या खजुरी बाजारात मिळतात. गुळगुळीत घेऊ नका, शाई पसरते.

बाकी लेखनप्रकार थोडक्यात. ललित आणि आठवणी लिहायला आपल्याकडे सगळ्यांनाच आवडतं. सुरुवात कुणालाही जमते, थांबवणं फार थोड्यांना. भयकथांचा पूर सुरू आहे, त्यात निम्म्यांचा शेवट ‘तो माणूस दहा वर्षांपूर्वीच वारला होता’ हाच. बंद करा. शतशब्दकथेत जोडशब्द एक धरायचा, शीर्षक मोजायचं नाही, हे एकदा ठरवून टाकू. भुजंगप्रयात वृत्तातली गझल मतल्यावर, म्हणजे पहिल्याच शेरावर, अडली आहे :

सराफ्यात रात्री दिवे जागणारे
मुक्याने जुनी गोष्ट ती सांगणारे

लगागा (लघु, गुरू, गुरू) चार वेळा, दोन्ही ओळी बसतात. ‘मुक्या’तला मु लघुच, ‘क्या’चा त्यावर आघात नाही. पण ‘णारे’ हा प्रत्यय आहे, त्याला काफिया, म्हणजे यमक, म्हणता येणार नाही. काफिया ‘जाग’ आणि ‘सांग’ यांत शोधायचा तर अनुस्वार आडवा येतो. ‘मागणारे’ घेतलं की अलामत, म्हणजे यमकातला सारखा राहणारा स्वर, स्वच्छ होते, म्हणून दुसरी ओळ बदलतेय. सांगणारे हा शब्द सोडवत नाही, ही निराळी अडचण.

चौथ्या खर्ड्याचा क्रम असा : आधी पहिल्या प्रसंगात सराफाचं व्याजाचं वाक्य, मग चौथ्यात नवख्या नकलनविसाची नेमणूक, मग पाचव्याची कत्तल. चिठ्ठीतल्या वाराची जागा तूर्त कोरी आहे. शके १८६९चं छापील पंचांग कुणाच्या माळ्यावर असेल तर आषाढ वद्य पंचमी आणि निज श्रावण वद्य पंचमी, दोन्हींचे वार कळवा. दोन्ही हवेत, एकावर भागणार नाही.