ओतीव अंगठीला हातानं झिलई, मोटरशिवाय

ओतून आलेली २२ कॅरटची साधी अंगठी मळकट आणि खरखरीत असते, खाचांत साच्याच्या प्लास्टरचा पांढरा अंश असतो. शेवटच्या लाल रूजनं (चकाकी आणणाऱ्या बारीक लाल भुकटीनं) सगळं झाकलं जाईल असं समजू नका. झिलईचं खरं काम एमरी पेपरवरच होतं.

आधी ब्रशनं प्लास्टर काढा. मग एक लिटर गरम पाण्यात साधारण १०० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून अंगठी बुडवा. सोन्यात मिसळलेल्या तांब्यामुळे चढलेला काळेपणा उतरतो. चिमटा प्लास्टिकचा हवा. लोखंडी चिमटा बुडवला तर द्रावणात उतरलेलं तांबं सोन्यावर चढतं आणि अंगठी लालसर दिसते.

ओतकामाची दांडी (साच्यात सोनं जिथून शिरतं तिथे अंगठीला चिकटून राहिलेली काडी) १ मिमी राखून करवतीनं कापा. उरलेला ठोंब कानशीनं उतरवताना हात अंगठीच्या गोलाईबरोबर फिरता ठेवा, नाहीतर तिथे चपटी जागा पडते.

आता पेपर: ४००, ६००, ८००, १२००. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आडवी-उभी बदला. आधीचे ओरखडे दुसऱ्या दिशेचे असल्यानं उठून दिसतात. एकही दिसेनासा होईपर्यंत पुढचा पेपर घेऊ नका. बाहेरून पेपर लाकडी पट्टीला चिकटवून वापरा, आतून गोल काडीला गुंडाळून. नुसत्या बोटानं घासलं की कडा गोल होतात, आणि अंगठीचा रेखीवपणा गेला तर परत येत नाही.

दांडीच्या तोंडाशी बारीक छिद्रं हमखास सापडतात, कारण तिथलं सोनं शेवटी थिजतं आणि आकसतं. ती घासत बसू नका, खाली आणखी असतात. गुळगुळीत पोलादी ओपणी (दाबून चकाकी आणायचं हत्यार) साबणाच्या पाण्यात भिजवून दाबून फिरवा. २२ कॅरटचं सोनं मऊ, त्यामुळे टाचणीच्या टोकाएवढं छिद्र मिटतं. मोठ्याला डाकच (वितळवून भरायचा सांधा) लागतो.

पुढे चामड्याच्या पट्टीवर ट्रिपोली (रूजपेक्षा जाड झिलईची भुकटी), मग रिठ्याच्या पाण्यानं मऊ ब्रशनं धुणं, मग वेगळ्या पट्टीवर रूज. पट्टी एकच ठेवली तर ट्रिपोलीचा जाडा कण रूजमध्ये मिसळतो आणि नवे ओरखडे उमटतात. कोपऱ्यांत रूज लावलेला सुती दोरा ओढा.

सगळं काम मोठ्या कागदावर करा. कीस, झिजलेले पेपर, पुसायची चिंधी, काहीही फेकू नका. किसातले कानशीचे लोखंडी कण लोहचुंबकानं काढून बाकीचं झारेकऱ्याकडे (कचऱ्यातून सोनं काढणाऱ्याकडे) द्या.