भिंतीचं गणित आणि भिंत रचणारे हात

आर्किटेक्टच्या ऑफिसला ऊर्जाबचतीचं काम सुरू करायचं असेल तर सोलरपासून नको, भिंतीपासून सुरुवात करावी. इको निवास संहिता २०१८ म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीची केंद्राची नियमावली. तिच्यानुसार थंड प्रदेश सोडून इतरत्र निवासी इमारतीचं आरईटीव्ही, म्हणजे भिंती-खिडक्यांतून आत येणारी सरासरी उष्णता, १५ वॅट प्रति चौ.मी.च्या आत हवं. छताचं यू-मूल्य, म्हणजे उष्णता किती सहज आरपार जाते त्याचं माप, १.२ च्या आत हवं; आकडा जितका कमी तितकं चांगलं. २३० मिमी विटेच्या भिंतीचं यू-मूल्य साधारण २. २०० मिमी एएसी ब्लॉकचं, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ब्लॉकचं, ०.८ च्या आसपास. पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा नसेल तर मात्र हा फायदा बराचसा वाया जातो.

कागदावरचं हे गणित साइटवर बिघडतं. ब्लॉकचा सांधा ३ मिमी हवा, तिथे सवयीनं १२ मिमी सिमेंट-वाळू भरली जाते. तिथून उष्णता जास्त शिरते. म्हणून प्रशिक्षणाचा खर्च निविदेतच वेगळा दाखवा. वर्षानुवर्षं घमेली वाहणाऱ्या बायकांना थापी मिळायलाच हवी, आणि हातात थापी आली की मजुरीही गवंड्याचीच. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला मागच्या वर्षभरातलं ९० दिवसांचं काम दाखवावं लागतं. तो दाखला ठेकेदाराच्या बिलाशी जोडा. पन्नासहून अधिक कामगार कामावर असतील तर पाळणाघर कायद्यानंच बंधनकारक आहे, त्याची खोली साइट-प्लॅनवर पहिल्या दिवशीच काढा.