पाढ्यांच्या ॲपला लोकेशन कशाला?

आजचा दिवस शाळेसाठीच्या एका ॲपच्या मंजुरीत गेला. पाढे पाठ करून घेणारं ॲप, आणि परवानगी मागतंय लोकेशन नि कॉन्टॅक्ट्सची! लेखी कारण मिळेपर्यंत फाईल पुढे सरकत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे मूलच. पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, चुकलं तर दंड २०० कोटींपर्यंत.

पण खरी गळती एक्सेलमधून. घाईत हजेरीपटाची अख्खी शीट अपलोड होते, जन्मतारीख, आधार, पालकांचा मोबाईल सगळ्यासकट. ॲपला '७ब-१४' एवढं पुरतं. कोणता क्रमांक कोणाचा, ती यादी शाळेच्या कपाटात ठेवा. करारात वर्षअखेरीस डेटा पुसल्याचं पत्र मागा, बॅकअपसकट. बॅकअपचं हमखास विसरतात.