तुम्ही विचारलंत म्हणून : भाड्याच्या गाडीचा इन्शुरन्स घ्यावा का?

लग्नसराई आली किंवा मुलांच्या परीक्षा आटोपल्या, की मला फोन यायला लागतात. "काकाजी, सेल्फ ड्राइव्ह गाडी घेऊन राहिलो. वेगळा इन्शुरन्स घ्या म्हणतात ते. घेऊ का राहू देऊ?" वाहन विम्याचा सर्व्हेअर म्हणून माझी 22 वर्षं नागपूरच्या गॅरेजांत ठोकलेल्या गाड्या तपासण्यात गेली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. माझं उत्तर बहुतेक वेळा "घ्या" असंच असतं. पण ते कशासाठी घ्यायचं, हे फोनवर नीट सांगून होत नाही.

बुकिंग करताना जे विकतात तो बहुधा विमा नसतोच. विमा गाडीमालकाने आधीच काढलेला असतो. थर्ड पार्टी विमा तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचाच आहे. तुम्हाला मिळतं ते एक वचन असतं : गाडीचं नुकसान झालं तर अमुक रकमेच्या वर तुमच्याकडून घेणार नाही. म्हणून रोजचे किती रुपये पडतात हे विचारण्याआधी ती अमुक रक्कम किती, हे विचारा. ती भरताना घरातलं दुसरं काही अडत असेल, तर हे वचन, म्हणजे संरक्षण, घ्या.

माझा भाचा हैदराबादहून घरच्या मुंजीला आला होता. रोजच्या 300 रुपयांचं संरक्षण त्याने घेतलं नाही. "मामा, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे." मुंज आटोपल्यावर पाहुण्यांना घेऊन ताडोब्याला गेला आणि परतताना उमरेडच्या अलीकडे, दिवेलागणीला, रानडुक्कर आडवं आलं. माणसं सुखरूप राहिली, देवाची कृपा. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये गेलो. बंपर फाटला होता, एसीचा कंडेन्सर चेपला होता. डावा हेडलाइट वरून धड दिसत होता, काचेला ओरखडासुद्धा नव्हता. पण तो ज्यांवर बसतो ते प्लॅस्टिकचे तीन कान तुटले होते. कान वेगळे मिळत नाहीत, अख्खा दिवा बदलावा लागतो. त्यात गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली त्या दिवसांचं भाडंही करारात होतं. 41,000 रुपये झाले. माझ्या बहिणीने मुंजीच्या खर्चातून उरलेले पैसे काढून दिले. 900 रुपये वाचवायला गेलो, असं ती आजही म्हणत नाही, पण तो म्हणतो.

लोक मला म्हणतात, मालकाचा विमा असतोच ना, मग तो दावा का करत नाही? करतो. पण साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर 50 टक्के घसारा, म्हणजे भाग जुना झाल्याची वजावट, कापला जातो, आणि आजच्या गाडीचं तोंड म्हणजे जवळजवळ सगळं प्लॅस्टिक. विमा कंपनी जे देत नाही ते मालक तुमच्याकडून वसूल करतो. गाडीवर 'झिरो डेप', म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, आहे का, हे म्हणूनच विचारून घ्यायचं. हा प्रश्न विचारलेला कोणालाही आवडत नाही, तरी विचारा.

एका बाबतीत मात्र मी ऐकूनच घेत नाही. सेल्फ ड्राइव्हच्या परवान्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी असते आणि अक्षरं पिवळी. ओळखीतल्या कोणाची तरी पांढऱ्या प्लेटची गाडी "थोडी स्वस्तात" मिळते, आणि नागपुरात ओळखी काही कमी नाहीत. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने देणं बसत नाही. अपघात झाला की गाडीच्या नुकसानीचा दावा तिथेच अडकतो. मग वरून कितीही पैसे भरून संरक्षण घेतलेलं असो, त्याला पाठबळच नाही. अशी गाडी घेऊ नका. कितीही घरचा माणूस असला तरी नका घेऊ.

आणि गाडीच्या पत्र्याइतकीच स्वतःची काळजी करा. पॉलिसीबरोबरचा 15 लाखांचा वैयक्तिक अपघात विमा मालक-चालकासाठी असतो. भाड्याने घेऊन चालवणारा मालक नसतो, त्यामुळे तो तुमच्या कामाचा नाही. स्वतःच्या नावावर वेगळी अपघात पॉलिसी असेल तर उत्तम. नसेल तर गाडीच्या संरक्षणाआधी ती काढा, असं मी सांगतो. बंपर नवा मिळतो.

समृद्धी महामार्गावर जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. आता मुंबईकडे 701 किलोमीटरचा सरळ रस्ता झाला, काँक्रीटचा, 120 ची वेगमर्यादा. एप्रिल-मेच्या उन्हात टायर तापून फुटतात. बऱ्याच संरक्षणांत टायर येत नाही. साध्या पॉलिसीतही नुसता टायर गेला तर काही मिळत नाही. गाडीचंही त्याच वेळी नुकसान झालं असेल तर टायरचे अर्धे. म्हणून गाडी घेतानाच टायरच्या खाचांत बोट घालून पाहा, स्टेपनीतली हवाही. दुसरी गोष्ट आपल्या सवयीची. जालना-संभाजीनगरपर्यंत पाठ दुखायला लागली की आपण मागे बसलेल्या मेहुण्याला म्हणतो, "घ्या हो, थोडं तुम्ही चालवा." बुकिंगमध्ये त्यांचं नाव नसेल तर संरक्षण त्याच क्षणी संपलं, असं बहुतेक करारांत असतं. आधीच दोघांची नावं आणि लायसन्स द्या. दारू पिऊन चालवलं तर कुठलाच कागद उभा राहत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पाण्याचंही तसंच आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी सुरू करून पाहायची नसते. सेल्फ मारला की सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जातं. हे नुकसान साध्या पॉलिसीतून नाकारतात आणि भाड्याच्या करारात तो तुमचा निष्काळजीपणा ठरतो. गाडी पाण्यात असेल तर किल्लीला हात लावू नका, मालकाला फोन करा.

न घेतलं तरी चालेल अशी वेळही असते. दिवसभर धरमपेठ ते विमानतळ एवढंच फिरायचं आहे, गाडी जुनी आहे, करारातली तुमची मर्यादा आधीच तीन-चार हजारांची आहे, तर सोडून द्या. मी स्वतः तसं केलं आहे.

गाडी हातात येताना व्हिडिओ सगळेच काढतात, पण धुळीवरून काढतात. आपल्याकडच्या धुळीत ओरखडा झाकला जातो, आणि गाडी परत देताना धुतली की वर येतो. मी डिक्कीत ओलं फडकं घेऊन जातो. आधी चारही रिम, दारांचे खालचे काठ आणि बंपरचे कोपरे पुसतो. मग व्हिडिओ सुरू करतो, आणि शेवटी किलोमीटर आणि पेट्रोलचा काटा.