मामाच्या गोल्ड कार्डाची पट्टी

फेब्रुवारीतली गोष्ट. मामा रविवारी आमच्याकडे ऐरोलीला जेवायला आले होते, मार्केट बंद असतं ना रविवारी, आणि जेवण झाल्यावर मामी आईबरोबर आत गेली तसं मामांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. म्हणाले, "पोरी, तू अकाउंट्सवाली, हे बघ जरा, फायद्याचं आहे का सांग." मेसेज होता गोव्यातल्या एका कॅसिनोचा. तुमचं कार्ड गोल्डवरून प्लॅटिनम व्हायला इतके इतके पॉइंट कमी आहेत, ३१ मार्चच्या आत या, दोन रात्री रूम फ्री, एअरपोर्टवरून गाडी फ्री, दोघांना एन्ट्री फ्री. मला तर मामांकडे असलं काही कार्ड आहे हेच माहीत नव्हतं. मामा कोपरखैरण्याला राहतात, कांदा-बटाटा मार्केटला गाळा आहे, आयुष्यात कधी पत्त्याला हात लावलेला माणूस नाही, आणि वर्षभरात चारदा गोव्याला जाऊन आले होते ते सगळे व्यापाऱ्यांबरोबरच, मीटिंग म्हणून.

पहिल्यांदा मला रागच आला, पण मामांनी विचारलं होतं ते मनापासून आणि मी ओरडले असते तर ते उठून गेले असते आणि गुपचूप प्लॅटिनम करून आले असते. म्हणून म्हटलं मामा मला आठ दिवस द्या, मी नीट बघून सांगते. नीट बघायला आठ दिवस नाही, तीन आठवडे लागले.

सुरुवात केली सगळे करतात तशीच, कॅसिनो लॉयल्टी प्रोग्राम चांगला का वाईट कसा ओळखायचा असं सर्च करून. आणि इथेच पहिले चार दिवस वाया गेले. जे काही वर वर येतं ते सगळं एकाच साच्यातलं, टॉप टेन यादी, प्रत्येकाला साडेचार स्टार, खाली मोठं बटण. दोन वेगवेगळ्या नावांच्या ठिकाणी तर परिच्छेदच्या परिच्छेद सारखे निघाले. मग लक्षात आलं की ही माहिती लिहिणाऱ्याला पैसे कोण देतं, तर कॅसिनोच देतो, त्या बटणावरून जाऊन माणसाने खातं उघडलं की कमिशन, आणि बऱ्याच ठिकाणी ते कमिशन तो माणूस जितका हरेल त्याच्या टक्क्यात असतं. म्हणजे तुम्ही हरलात की सल्ला देणारा कमावणार. अशा माणसाला मी हा प्रोग्राम चांगला आहे का असं विचारतेय! त्यातलं बरंचसं ऑनलाइन पैसे लावायचंच होतं, आणि ते तर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने आपल्याकडे बंदच केलंय, चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा. तरी जाहिराती चालूच. एका ठिकाणी खाली परदेशी परवान्याचा शिक्का होता, मी तो नंबर ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनच्या रजिस्टरमध्ये टाकून बघितला, ते रजिस्टर कोणालाही फुकट बघता येतं, तर त्या नावाची कंपनीच तिथे नाही. शिक्का नुसतं चित्र होतं.

तिथेच एक बोनस होता, १० हजार फुकट, पण अट ३५ पट खेळायचं. आता ३५ पट म्हणजे साडेतीन लाखांची उलाढाल, आणि खेळात कॅसिनोचा हिस्सा समजा ४ टक्के धरला तर १४ हजार जाणार, १० हजार मिळवायला. हे गणित मी वहीत केलं आणि तेव्हापासून ठरवलं की ज्याचा आकडा मला स्वतःला पेनाने काढून बघता येईल तेवढीच माहिती खरी धरायची, बाकी सगळी जाहिरात.

या कसोटीवर उतरलेली ठिकाणं थोडी होती पण होती. मायकल शॅकलफोर्ड म्हणून एक अमेरिकन आहेत, मूळचे ॲक्च्युअरी, म्हणजे विमा-पेन्शनची गणितं करणारे, तिथल्या सरकारी सोशल सिक्युरिटी खात्यात होते, त्यांनी १९९० च्या दशकापासून प्रत्येक खेळाचं गणित पायरी पायरीने मांडून ठेवलंय. दुसरं म्हणजे नेवाडा राज्याचं गेमिंग कंट्रोल बोर्ड, ते दर महिन्याला कॅसिनोंनी कुठल्या खेळात किती कमावलं ते जाहीर करतं, स्लॉट मशीनमध्ये पडलेल्या पैशातले साधारण ७ टक्के कॅसिनोकडे राहतात हे त्यांच्याच आकड्यातून दिसतं. बोर्डाला काही विकायचं नाही म्हणून ते कोरडं आहे, वाचायला कंटाळा येतो, पण विश्वास ठेवता येतो.

मग मामांना फोन. मामा, तुम्ही नक्की काय खेळता? रुले, म्हणजे फिरत्या चाकावर चेंडू कुठल्या घरात थांबेल यावर पैसे लावायचे. म्हटलं त्या चाकावर हिरवी घरं किती, एक की दोन? मामा गप्प. चार वेळा जाऊन आलेला माणूस, एका रात्रीत पाच पाच तास त्या टेबलाशी उभा राहिलेला, त्याला हे सांगता येईना. दुसऱ्या दिवशी फोन आला, मार्केटमधल्या मित्राला विचारलं, दोन आहेत, एक शून्य आणि एक डबल शून्य. हा फरक बारीक वाटतो पण सगळं त्यातच आहे. एक शून्य असेल तर घरं ३७, पैसे मात्र ३६ घरं असल्यासारखे मिळतात, म्हणजे कॅसिनोचा हिस्सा ३७ त एक, २.७ टक्के. दोन शून्य असतील तर ३८ त दोन, ५.२६ टक्के. दुप्पट! तेच लाल-काळं, तेच टेबल, एक हिरवं घर जास्त.

आता मामा एका फेरीला सरासरी २ हजार लावतात, तासाला साधारण ३५ फेऱ्या, दोन रात्री मिळून १० तास. म्हणजे ७ लाखांची उलाढाल, तिचे ५.२६ टक्के ३६,८०० रुपये. एका ट्रिपला सरासरी एवढं जाणारच, एखाद्या वेळी जिंकाल, एखाद्या वेळी लाख घालवाल, पण धरून चालायचा आकडा हा. कॅसिनोवाले याला थिओ म्हणतात, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं कळलं ते हे की लॉयल्टी कार्ड याच आकड्यावर चालतं. तुम्ही खरोखर किती हरलात यापेक्षा तुम्ही किती लावता, किती वेळ बसता आणि कुठला खेळ खेळता यावरून तुमच्याकडून किती येणं आहे ते काढतात आणि त्यातला काही भाग, साधारण २० ते ४० टक्के, रूम-जेवण-गाडीच्या रूपात परत देतात. म्हणून तो पिट बॉस, टेबलांवर नजर ठेवणारा कॅसिनोचा माणूस, वहीत लिहीत असतो. १९९७ साली हॅराज या अमेरिकन कंपनीने देशभरातल्या आपल्या कॅसिनोंना मिळून एकच कार्ड काढलं, दुसऱ्या वर्षी गॅरी लव्हमन नावाचे हार्वर्डचे प्राध्यापक तिथे आले आणि त्यांनी कुठल्या गिऱ्हाईकाला कधी काय पाठवलं की तो परत येतो हे आकड्यांनी बसवलं. तेच आज सीझर्स रिवॉर्ड्स. त्यांच्याकडे स्लॉटवर ५ डॉलर लावले की एक क्रेडिट, आणि १०० क्रेडिटचा एक डॉलर. म्हणजे ५ डॉलरमागे एक सेंट परत, आणि ७ टक्क्यांनी बघितलं तर जातात ३५ सेंट. रूमच्या ऑफर वेगळ्या, पण मुळात प्रमाण हे.

मामांच्या कॅसिनोने तर किती खेळल्यावर किती पॉइंट तेही लिहून दिलेलं नव्हतं. मी मामांना होस्टला, म्हणजे गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या कॅसिनोच्या मुलाला, फोन करायला सांगितला, स्पीकरवर, मी शेजारीच. तो मुलगा अतिशय गोड बोलत होता, "अंकल" "अंकल" करत होता, पण पॉइंट कसे मोजता विचारलं की "अंकल वो रेटिंग पे होता है, आप आ जाओ मैं देख लूंगा". तीनदा विचारलं, तीनदा हेच. प्लॅटिनम किती महिने टिकतं? परत तेच, आ जाओ. त्या मुलाचा राग नाही आला मला, त्याची नोकरी आहे, पण ज्या स्कीमचा दर लिहून मिळत नाही ती स्कीम मोजायचीच कशी हा प्रश्न मामांनाही तिथे बसून पटला, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

तरी मामा म्हणाले मग मी बॅकरॅट खेळतो, त्यात कमी जातं म्हणतात. खरं आहे, त्या पत्त्यांच्या खेळात बँकर नावाच्या बाजूवर लावलं तर १.०६ टक्केच, फक्त टायवर, म्हणजे बरोबरी होईल यावर, लावलं तर १४ टक्क्यांच्या वर. पण मग थिओ कमी म्हणजे रेटिंगही कमी, फ्री रूम जाणार. कॅसिनो वेडा नाही.

आणि कर. टेबलावर पैशांऐवजी लावायच्या चिप्स घ्यायला जे पैसे देतो त्या सगळ्या रकमेवर १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के जीएसटी होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० झालाय, तेव्हा एक लाख दिल्यावर हातात किती रुपयांच्या चिप्स येतात आणि करातलं किती आपल्या माथी, हे काउंटरवर आधी विचारायला हवं. जिंकलं तर ३० टक्के आयकर, वर सेस, आणि हरलेले त्यातून वजा होत नाहीत. मामांना हे काहीच कोणी सांगितलं नव्हतं. एन्ट्रीबरोबर मिळणारं २ हजारांचं कूपनसुद्धा एकदाच लावता येतं, जिंका की हरा कूपन जातं, म्हणजे दोन शून्याच्या चाकावर लाल-काळ्यावर लावलं तर त्याची खरी किंमत साडेनऊशेच्या आसपास.

एवढं सगळं मी शनिवारी संध्याकाळी मामांच्या गाळ्यावर जाऊन सांगितलं, आणि त्यांना काही ते थिओ-बिओ कळेना. माल उतरून झाला होता, गोणींवर बसलो होतो दोघं. मग मला सुचलं की मामा आयुष्यभर शेतकऱ्याला पट्टी करून देत आलेत, माल किती, भाव काय, हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता हातात किती. म्हटलं मामा तुमच्या चार ट्रिपांची पट्टी करू. त्यांनीच पट्टीबुक काढलं. बँकेचं स्टेटमेंट मोबाईलवर उघडलं, गोव्याच्या तारखांचे एटीएम, कार्ड, यूपीआय सगळे शोधले, परत भरलेले पैसे वजा केले. मामा सुरुवातीला म्हणत होते की मी बरोबरीत आहे, कधी आलं कधी गेलं. बेरीज निघाली २ लाख १० हजार, गेलेले. दुसऱ्या बाजूला मिळालेलं लिहिलं. दोन ट्रिपांना रूम फ्री, चार रात्री, त्याच हॉटेलला मी मधल्या वारांचा भाव विचारला होता, साडेचार हजार रात्रीचे, म्हणजे १८ हजार. गाडी दोन वेळा, ६ हजार धरले. २४ हजार झाले. मामांनी स्वतःच भागाकार केला आणि म्हणाले, "रुपयामागं अकरा पैसे वटाव." म्हणजे गेलेल्या रुपयातले अकरा पैसे सूट म्हणून परत. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, आपल्याकडं असला माल कुणी आणला तर आपण भाव तरी विचारतो गं.

मला त्या दिवशी आकड्यापेक्षा दुसरीच काळजी होती म्हणून मी अजून तीन प्रश्न विचारले. घरी खोटं बोललात का, ते तर उघडच होतं. कोणाकडून उसने घेतले का, नाही म्हणाले. आणि गेलेले परत आणायला म्हणून पुन्हा गेलात का? यावर त्यांनी मान खाली घातली. चौथी ट्रिप त्यासाठीच होती. हे लक्षण चांगलं नाही हे मी वाचलं होतं, म्हणून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. मामा म्हणाले मी काय वेडा आहे का. मग मीच तिथे बसून लावला, मी काय करू शकते ते विचारलं, मामा ऐकत होते. शेवटी दोन मिनिटं फोन त्यांनी घेतला. काय बोलले मला माहीत नाही, मी मुद्दाम चहा आणायला गेले.

एक गोष्ट मला राहून राहून आठवते. गोव्यात २०२० पासून खुद्द गोव्याच्या माणसांना कॅसिनोत प्रवेश नाही, आणि सिंगापूरला तिथल्या नागरिकाला नुसतं आत जायला दिवसाचे १५० सिंगापूर डॉलर भरावे लागतात, पाहुण्याला फुकट. जी सरकारं हा धंदा चालू देतात तीच आपल्या माणसाला दारात अडवतात. आपल्या राज्याने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, कधी लागूच केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द करून टाकला. तरी ठाण्याहून मांडवी एक्स्प्रेसमध्ये बसलं की संध्याकाळी गोव्यात, करमाळीला.

३१ मार्च गेला. मामा गेले नाहीत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होस्टचा परत मेसेज, अंकल आपके लिए डेट बढ़ा दी. म्हणजे ती शेवटची तारीख शेवटची नव्हतीच. मामांनी तो मला पाठवला आणि खाली स्वतः लिहिलं होतं, "दोन शून्य. ३६८००. वटाव ११ पैसे." मी उत्तरात फक्त हात जोडलेले पाठवले. मे महिन्यात ते मामीला आणि नातवंडांना घेऊन गोव्याला गेले, मांडवीनेच, रूम पैसे भरून घेतली होती. कार्ड आमच्याकडे आहे, माझ्या कपाटात, त्यांनीच आणून दिलं. कॅसिनोच्या जहाजावर गेले होते का ते मी विचारलं नाही. मामीला मात्र त्या दोन लाख दहा हजारांचं अजून माहीत नाही, आणि ते मामांनी सांगायचं की मी, यावर आमचं रोज फोनवर चाललंय.