तुम्ही विचारलंत म्हणून: एक व्ह्यू, अनेक मॉडेल्स

जँगो, म्हणजे वेबसाइट बनवण्याचं पायथॉनमधलं फ्रेमवर्क, शिकणारी मंडळी मला हमखास विचारतात: एकच व्ह्यू (रिक्वेस्ट घेऊन पान परत देणारा कोड) वेगवेगळ्या मॉडेल्सना (डेटाबेसमधल्या टेबलांसाठीचे क्लास) वापरायचा, तर त्याला किती पॅरामीटर ठेवायचे? शक्य तितके कमी, असं मी सांगते. पॅरामीटर वाढवून व्ह्यू लवचीक होत नाही. डेटा कुठून आणायचा, हा निर्णय एका छोट्या मेथडमध्ये वेगळा काढला की होतो.

जँगोनेही हीच वाट धरली. पूर्वी जेनेरिक व्ह्यू, म्हणजे जँगोसोबत तयार मिळणारे व्ह्यू, ही साधी फंक्शन्स होती. क्वेरीसेट (डेटाबेसमधून कोणत्या नोंदी आणायच्या ते), टेम्प्लेटचं नाव, पानावर किती नोंदी, हे सगळं यूआरएलच्या फाइलमधून डिक्शनरीत भरून द्यायचं आणि मधलंच काही बदलायचं तर त्याभोवती आणखी एक फंक्शन लिहायचं. २०११ मध्ये १.३ आवृत्तीत क्लास आले, १.५ मध्ये जुनी फंक्शन्स गेली.

आता नोंदींची यादी दाखवणाऱ्या लिस्टव्ह्यूला नुसतं मॉडेल सांगितलं तरी भागतं. पण खरी ताकद गेट_क्वेरीसेट या मेथडमध्ये आहे. समजा, प्रकाशनाची वेळ उलटून गेलेलेच लेख दाखवायचे आहेत. हा फिल्टर क्लासमध्ये थेट क्वेरीसेट म्हणून लिहिला, तर त्यातलं 'आत्ता' फाइल लोड होताना एकदाच ठरतं. मग संध्याकाळी प्रसिद्ध व्हायचा लेख सर्व्हर रीस्टार्ट होईपर्यंत यादीत येतच नाही. डेव्हलपमेंटमध्ये हे सहसा लक्षातही येत नाही, कारण तिथे फाइल सेव्ह केली की सर्व्हर आपोआप रीलोड होतो. तोच फिल्टर मेथडमध्ये हलवला की प्रत्येक रिक्वेस्टला वेळ नव्याने घेतली जाते.

त्याच मेथडमध्ये लॉगिन केलेला यूजरही हाताशी असतो. म्हणून मी एक मिक्सिन (इतर क्लासना जोडायचा छोटा क्लास) ठेवते: सुपरकडून, म्हणजे मूळ व्ह्यूकडून, क्वेरीसेट घ्यायचा आणि त्यातल्या फक्त त्या यूजरच्याच नोंदी ठेवून परत द्यायच्या. मॉडेलचं नाव त्यात कुठेही येत नाही. डिटेलव्ह्यू, अपडेटव्ह्यू, डिलीटव्ह्यू हे तिघेही आपली नोंद याच क्वेरीसेटमधून शोधतात. त्यामुळे कुणी यूआरएलमधला आयडी बदलून दुसऱ्याची नोंद मागितली, तर थेट ४०४, म्हणजे 'सापडलं नाही'. मला हे फार मोलाचं वाटतं. प्रत्येक व्ह्यूमध्ये मालकी तपासत बसावं लागत नाही. मिक्सिन मात्र क्लासच्या कंसात व्ह्यूच्या आधी लिहा, नाहीतर पायथॉनला व्ह्यूची मेथड आधी सापडते आणि गाळणी लागतच नाही.

आणि एखाद्या व्ह्यूत गेट_ऑब्जेक्टपासून फॉर्म_व्हॅलिडपर्यंत सगळ्याच मेथड ओव्हरराइड कराव्या, म्हणजे स्वतः नव्याने लिहाव्या लागत असतील, तर जेनेरिकचा हट्ट सोडा, सरळ फंक्शन लिहा. ते वरून खाली एकदा वाचलं की समजतं.